बेस साखर

सौदीतल्या यान्बूत मराठी बोलणारी माणसं मोजकीच, त्यामुळे कुणाशी भांडण परवडत नाही. मला तरीही भांडायची सवय आहे. भांडून झाल्यावर ज्याच्याशी पुन्हा आपण होऊन बोलावंसं वाटतं असा तिथे एकच माणूस, उस्मानभाई.

उस्मानभाई मूळचे कोकणातल्या हर्णै बंदरातले आणि एका केटरिंग कंपनीच्या कोल्ड स्टोअरचे सुपरवायझर. रिफायनऱ्यांच्या कामगारांना लागणारं मटण, कोंबडी, मासळी सगळं त्यांच्या खोलीत उणे अठरावर गोठून पडलेलं असतं. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत उणे अठरा आणि मधल्या दाराची किल्ली यांच्या कमरेला, अशी त्यांची उमर गेली. त्यामुळे थंडी या विषयावर यान्बूत दुसऱ्या कुणी बोललेलं त्यांना खपत नाही. कुणी सिमल्याचे फोटो दाखवले तर चष्मा कपाळावर चढवून बारकाईनं बघतात आणि म्हणतात, "हा फ्रीज हाय. फ्रीझर नाय."

त्यांची दुसरी ओळख म्हणजे 'बेस' हा शब्द. आमच्या मिरजेकडे शेतावरची माणसं तो वापरतात, पण उस्मानभाईंइतका कुणीच वापरत नाही. जेवण कसं झालं? बेस. इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, रिन्यू झाला का? बेस झाला. एकदा मागून ट्रकनं ठोकून त्यांच्या गाडीची डिकी पार आत घातली. मी आणि माझा नवरा हेमचंद्र धावत बघायला गेलो तर हा माणूस फुटपाथवर बसून म्हणतो, "गाडी गेली. मी बेस हाय."

आणि तिसरी ओळख साखर. रक्तातली आणि बाहेरची, दोन्ही.

रक्तातली वाढत चाललेली, म्हणून बाहेरची बंद करायचं काम शरफुन्निसाभाभींकडे. भाभींना यान्बूत येऊन चारच वर्षं झाली. लग्न झालं आणि उस्मानभाई आखाती देशात आले ते आलेच. त्यानंतर दोन वर्षांतून एकदा दीड महिन्याची सुट्टी, बाकी सगळा संसार फोनवर. सुरुवातीला तर शेजारच्या दुकानातल्या फोनवर, तेही दुकानदार कान देऊन ऐकत असताना. मुलगी वाढवली, तिचं लग्न केलं, सासू-सासऱ्यांचं सगळं निस्तरलं आणि मग भाभी नवऱ्याकडे राहायला आल्या. आल्या आल्या पहिल्याच महिन्यात पॉलिक्लिनिकच्या डॉक्टरनं रिपोर्ट हातात ठेवला. गेल्या हिवाळ्याआधीच्या रिपोर्टनंतर तर त्यानं सरळ सांगितलं, डोळ्यांवर परिणाम दिसायला लागलाय. पुढच्या वेळी साखर खाली आली नाही तर इंजेक्शनं सुरू. उस्मानभाईंना सुईची इतकी भीती की ते ऐकून त्यांना खुर्चीतच घेरी आली. भाभींना सुईची भीती नव्हती. त्यांची भीती वेगळी होती, आणि ती त्यांनी माझ्या स्वयंपाकघरात कांदा चिरता चिरता बोलून दाखवली.

"सगली उमर फोनवर काढली मी," त्या म्हणाल्या. "आता कुठं मानूस हातात आलाय. साखरेला द्यायची नाय मी त्याला."

कांद्यामुळे डोळ्यांत पाणी होतंच, त्यामुळे रडल्या की नाही ते सांगता येणार नाही. मी मात्र रडले.

पण उस्मानभाई वस्ताद. बलदजवळच्या, म्हणजे जुन्या गावाजवळच्या बाजारात सिराजुद्दीन नावाच्या मलबारी माणसाचं चहाचं दुकान आहे. तिथे भाभींना शेजारी उभं करून हे खुशाल म्हणायचे, "एक चाया, पंचसारा." भाभींना वाटायचं पंचसारा म्हणजे आलं, वेलची असा काहीतरी पाच जिनसांचा मसाला. त्या कौतुकानं मलाही सांगायच्या की मधुमेहाला चांगला असेल. शाळेत माझ्याबरोबर शिकवणाऱ्या एका केरळी बाईंनी एक दिवस मला सांगितलं की मल्याळममध्ये साखरेलाच पंचसारा म्हणतात. मी ते भाभींना सांगितलं. त्या दिवशी उस्मानभाईंच्या घरात जे झालं ते मी लिहीत नाही. त्यानंतर उस्मानभाई मला दोन आठवडे 'टीचरबाय' म्हणायचे बंद झाले होते, नुसतं 'मॅडम' म्हणायचे.

मॉस्कोची कल्पना त्यांचीच. सौदीहून मॉस्कोला थेट विमानं सुरू झाल्याची बातमी आली आणि त्यांच्या डोक्यानं घेतलं. म्हणे, माणसानं केलेली थंडी आयुष्यभर बघितली, आता अल्लानं केलेली बघायची. हेमचंद्र आणि मी, ते आणि भाभी, असे चौघं शाळेच्या हिवाळी सुट्टीत जाणार होतो. निघायच्या आदल्या आठवड्यात हेमचंद्रच्या प्लांटचं शटडाउन पुढे सरकलं, त्याची सुट्टी गेली आणि मी त्या नवराबायकोच्या संसारात तिसरी म्हणून मॉस्कोला निघाले. भाभींची एकच अट होती. साखर यान्बूत बंद तशी रशियातही बंद. परत आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात रक्त तपासायचंय. उस्मानभाईंनी मान हलवली. इतक्या पटकन हलवली की मला तेव्हाच संशय आला.

गरम कपड्यांसाठी मी महिनाभर ऑनलाइन डोकं फोडलं. उस्मानभाईंनी कंपनीतून दोन जुने फ्रीझर सूट आणले, एक स्वतःला आणि एक भाभींना. गडद निळे, आत जाड कापूस, छातीवर आणि बाह्यांवर चमकणाऱ्या पट्ट्या आणि पाठीवर कंपनीच्या नावाखाली इंग्रजीत व अरबीत 'फ्रीझर सेक्शन'. भाभींनी अबायावरून ते जॅकेट चढवलं आणि आरशात बघून विचारलं की लोक हसणार नाहीत ना. उस्मानभाई म्हणाले, तिकडे थंडी कळणारी माणसं असतात, ती हसत नाहीत.

मॉस्कोच्या विमानतळाबाहेरच्या पाटीवर आकडा होता उणे सतरा. उस्मानभाईंचा चेहरा पडला. इतक्या लांब येऊन आपल्या खोलीपेक्षा एक डिग्री गरम. ते तसं बोलूनही दाखवणार होते, पण तोवर वारं आलं. टॅक्सी येईपर्यंत त्यांच्या मिशीवर पांढरं साचलं. मग ते जरा अस्वस्थ होऊन इकडेतिकडे बघायला लागले. काय शोधताय म्हणून विचारलं तर कळलं, दार. कोल्ड स्टोअरमध्ये थोडा वेळ काम केलं की दार उघडून उन्हात येऊन उभं राहायचं, अशी त्यांची पद्धत. इथे थंडीला दारच नव्हतं.

"खोली लई मोठी हाय," ते टॅक्सीत बसल्यावर म्हणाले.

हॉटेल म्हणजे एका जुन्या रहिवासी इमारतीचा एक मजला होता. खाली अंगण, अंगणात बर्फाचे ढीग. सकाळी नाश्त्याच्या खोलीत एक पोरगेलीशी मुलगी सगळ्यांना चहा ओतून देत होती. भाभी पावाच्या टेबलाशी होत्या. उस्मानभाई कप घेऊन मुलीपुढे उभे राहिले, आणि तिनं साखरेच्या भांड्यावर हात ठेवून विचारलं, "साखर?"

उस्मानभाईंनी माझ्याकडे बघितलं. मीही ऐकलं होतं. मुलीनं पुन्हा विचारलं, अगदी आपल्यासारखंच, फक्त 'ख' जरा घशातून. हिंदीवाले चीनी म्हणतात, अरब सुक्कर म्हणतात, सिराजुद्दीन पंचसारा म्हणतो. आणि इथे उणे सतराच्या शहरातली ही गोरी मुलगी साखरेला चक्क साखर म्हणत होती. इंटरनेटवर शोधून मी नंतर खात्री करून घेतली, रशियनमध्ये खरंच तोच शब्द आहे. उस्मानभाईंना इतका आनंद झाला की ते बायकोला विसरले आणि मोठ्यानं म्हणाले, "साखर! हां, साखर!"

पावाच्या टेबलावरून भाभींनी वळून बघितलं. उस्मानभाईंचा आवाज एकदम बसला. मुलीला हा माणूस हो म्हणतोय की नाही ते कळेना, म्हणून तिनं दुसरा प्रश्न विचारला, "बेस साखरा?"

आता उस्मानभाईंना कोण थांबवणार? भाभींच्या डोळ्याला डोळा न देता त्यांनी हळूच, पण अगदी मनापासून मान डोलावली. "बेस," ते म्हणाले. "बेस साखर."

मुलीनं हसून कप भरून दिला. त्यांनी तो भाभींना पाठ करून एका दमात अर्धा प्यायला, आणि मग कपात वाकून बघितलं. तोंडावर काहीतरी विचित्र भाव. पुन्हा एक घोट. पुन्हा बघितलं.

मला शिक्षिकेची खोड आहे, शब्द अडला की मला राहवत नाही. मी त्या मुलीकडे जाऊन फोनवरच्या भाषांतरातून विचारलं, बेस साखरा म्हणजे काय? फोननं मराठीत उत्तर दिलं: साखरेशिवाय.

मी भाभींना हाताला धरून जिन्यात नेलं आणि सांगितलं. आधी त्यांना कळेना. मग मी पुन्हा सांगितलं, इथे बेस म्हणजे शिवाय. त्यांनी ओढणी तोंडाला लावली, भिंतीला टेकल्या आणि हळूहळू खाली जिन्याच्या पायरीवर बसल्या. निळ्या जॅकेटमध्ये त्यांचे खांदे गदागदा हलत होते. एक म्हातारा रशियन वर येत होता, तो थांबून पाणी हवं का असं खुणेनं विचारायला लागला. भाभींनी हसता हसताच हात हलवून त्याला नको म्हटलं.

हसणं ओसरल्यावर त्यांनी माझा हात घट्ट धरला. "त्यास्नी सांगू नको. कसम हाय."

मग त्या आत गेल्या आणि उस्मानभाईंना मोठ्या मनानं म्हणाल्या की फिरायला आलोय, तेवढं आठवडाभर चहात साखर चालेल, पण फक्त चहात. दुसरं गोड दिसलं तर बघा. लग्नानंतर बायको प्रथमच इतकी सैल झालेली उस्मानभाई बघत होते.

तेव्हापासून आमचं मॉस्को असं सुरू झालं. जिथे जाऊ तिथे उस्मानभाई पुढे होऊन चहा मागायचे, बोट वर करून "बेस साखर" म्हणायचे, आणि विकणारी बाई मान हलवून त्यांना कोरा कडू चहा द्यायची. सोबत कुणी साखरेच्या पुड्या ठेवल्याच तर भाभींचा हात टेबलावरून असा काही फिरायचा की पुड्या पर्समध्ये. उस्मानभाई घोट घ्यायचे, विचार करायचे, पुन्हा घोट घ्यायचे.

कोडं त्यांनी स्वतःच सोडवलं, आणि ते सोडवलं लाल चौकात. एका बाजूला रंगीबेरंगी कांद्यांसारखे घुमट, समोर बर्फावर घसरणारी पोरं, आणि शेजारच्या मोठ्या देखण्या दुकानाच्या दारात माणसं रांगेनं आइस्क्रीम खाताहेत, ते दृश्य बघून भाभी म्हणाल्या की या लोकांना कुणी आवरत का नाही. उस्मानभाई मात्र उभ्या उभ्या उजळले. आइस्क्रीमच्या पेट्या त्यांच्याच खोलीत उतरत असल्यामुळे त्यांना हे माहीत होतं की आइस्क्रीममध्ये साखर भरमसाट घालावी लागते, कारण गार जिभेला गोड कळत नाही. म्हणजे इथे चहात साखर बक्कळ आहे, कळत नाही ती आपल्या जिभेला! थंडीचा गुण! आम्हाला दोघींना त्यांनी ते तीनदा समजावून सांगितलं. भाभी इतक्या गंभीरपणे ऐकत होत्या की मला त्या चौकात उभं राहवेना. मी घुमटांचे फोटो काढायच्या निमित्तानं लांब गेले आणि एका खांबाआड पोटभर हसून आले.

शहर बघण्यात भाभींनी जेवढी मजा आणली तेवढी कुठल्या गाइडनं आणली नसती. मेट्रोचा सरकता जिना खाली खाली जातच राहिला तेव्हा त्या डोळे मिटून दुआ म्हणत होत्या. खाली संगमरवर, झुंबरं, भिंतींवर सोनेरी चित्रं बघितल्यावर त्यांनी मला विचारलं की इथे चपला काढायच्या असतात का. गोठलेली नदी त्यांनी पुलाच्या कठड्यावरून बराच वेळ बघितली आणि म्हणाल्या, जानेवारीत बाटलीतलं खोबरेल तेल असंच होतं. मासळी बाजारात त्यांनी बर्फातला एक मोठा मासा उचलून त्याचे कल्ले उघडायचा प्रयत्न केला, तेव्हा विकणारा धावत आला. दोघांनी आपापल्या भाषेत पाच मिनिटं वाद घातला. वाद संपला तेव्हा त्यानं भाभींना आतल्या पेटीतला दुसरा मासा काढून दाखवला, त्यावरून मी समजले की त्या जिंकल्या. मासा विकत घ्यायचा प्रश्नच नव्हता, शिजवणार कुठे? तो नुसता हर्णैच्या इभ्रतीचा प्रश्न होता.

जेवायला आम्ही रोज एका उझबेक खानावळीत. तिथला पुलाव उस्मानभाईंना पसंत पडला, भाभींना नाही, आणि त्यावर दोघांचं जे चाललं त्यात मी पडले नाही. खरं सांगायचं तर एवढ्या दिवसांत त्या दोघांना मी असं रिकाम्या वेळात एकत्र कधी बघितलं नव्हतं. यान्बूत हे ड्युटीवर असायचे आणि त्या यांच्या जेवणाच्या वेळा सांभाळण्यात. इथे दोघं निळ्या जॅकेटांमध्ये शेजारी शेजारी चालत होते, एक निसरडं आलं की एकमेकांना धरत होते आणि ते संपलं तरी हात सोडायचं विसरत होते. मला हेमचंद्रची आठवण येऊन उगीच राग आला.

चौथ्या दिवशी रात्रभर बर्फ पडलं होतं. उस्मानभाई नेहमीप्रमाणे आमच्या आधी तयार होऊन खाली अंगणात जाऊन उभे राहिले. मी खिडकीतून बघत होते. शेजारच्या दारातून एक ठेंगणी म्हातारी काठी टेकत आली. तिनं उस्मानभाईंचं निळं जॅकेट बघितलं, चमकत्या पट्ट्या बघितल्या आणि तिला जे वाटायचं ते वाटलं. मॉस्कोत अंगणातलं बर्फ साफ करायला नगरपालिकेची माणसं येतात, बरीचशी ताजिक आणि उझबेक, आणि त्यांचे कपडे साधारण असेच असतात. त्या दिवशीचा माणूस आला नव्हता बहुतेक. म्हातारीनं त्यांना चांगलं फैलावर घेतलं. हातवारे करून आपल्या पायऱ्या दाखवल्या, मग भिंतीला टेकवलेलं रुंद फावडं आणून त्यांच्या हातात दिलं.

मी भाभींना हाक मारली. आम्ही दोघी काचेला नाक लावून बघत राहिलो. वाटलं, आता हे काही तरी समजावून सांगतील. उस्मानभाईंनी फावडं हातात तोलून बघितलं, पायऱ्यांकडे बघितलं आणि कामाला लागले. कडा कोरून, कोपरे खरवडून, कोल्ड स्टोअरचा दरवाजा मोकळा करावा तसा त्यांनी तो जिना मोकळा केला. शेवटी फावडं भिंतीला लावून हात झटकले. त्यांचे ओठ हलले त्यावरून नक्की "खलास" म्हणाले असणार. म्हातारीनं त्यांच्या दंडाला धरलं आणि त्यांना आपल्या घरात घेऊन गेली.

बऱ्याच वेळानं ते वर आले, नाकाचा शेंडा लाल, चेहरा खुशीत. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाले, चाय पाजली. बस. त्यावर भाभी म्हणाल्या की आता इथेच नोकरी धरा, आणि इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. उस्मानभाई त्यांच्याकडे बघत उभे राहिले. पाणी द्यायचंही त्यांना सुचलं नाही, ते मीच दिलं.

त्या दिवसापासून उस्मानभाई चहा मागताना जरा जास्तच मोठ्यानं "बेस साखर" म्हणायला लागले. दोन टेबलं पलीकडची माणसं वळून बघायची. मला वाटलं, सवय.

परतीच्या प्रवासात जेद्दाच्या विमानतळावर भाभींची पर्स मशीनमधून गेली आणि थांबवली गेली. कस्टमच्या तरुण अधिकाऱ्यानं ती टेबलावर उलटी केली, तर आतून पांढऱ्या भुकटीच्या इवल्या इवल्या पुड्यांचा ढीग पडला, सगळ्यांवर रशियन अक्षरं. भाभींच्या तोंडचं पाणी पळालं, पण त्यांची भीती अधिकाऱ्याची नव्हती. उस्मानभाई शेजारीच उभे होते आणि आठवडाभराचं गुपित टेबलावर पसरलेलं होतं.

अधिकाऱ्यानं एक पुडी उचलून विचारलं, "वेश हादा?" हे काय आहे?

उस्मानभाई शांतपणे पुढे झाले आणि अरबीत म्हणाले की सुक्कर आहे, नुसती सुक्कर, माझ्या बायकोला साखरेचा फार शौक आहे. अधिकाऱ्यानं त्या दोघांना खालपासून वरपर्यंत निरखलं, एक पुडी उस्मानभाईंपुढे धरली आणि खाऊन दाखव म्हणून खूण केली. उस्मानभाईंनी पुडी फाडली. ती तोंडाशी नेतात तोच भाभींनी झडप घालून ती हिसकावली आणि सगळी साखर स्वतःच्या तोंडात उपडी केली. मग गाल फुगवून त्या अधिकाऱ्याकडे बघत राहिल्या. अधिकारी हसला. म्हणाला, खरंच शौक आहे. यल्ला, जा.

यान्बूच्या बसमध्ये मी वाट बघत होते की हे आता विचारतील, एवढ्या पुड्या कशाला जमवल्यास? त्यांनी विचारलं नाही. बायकोचं डोकं खांद्यावर घेऊन झोपून गेले. मला ते खटकलं.

दुसऱ्या आठवड्यात रक्त तपासलं. रिपोर्ट घ्यायला हेमचंद्रची गाडी घेऊन मीच दोघांना पॉलिक्लिनिकमध्ये नेलं. रस्ताभर भाभी बोटांवर तस्बीचे मणी ओढत होत्या. डॉक्टरनं कागद बघितला, पुन्हा बघितला आणि म्हणाला, खाली आलीय. फार नाही, पण आलीय. इंजेक्शनं आत्ता नकोत, असंच चालू ठेवा. भाभींनी कागद घडी करून छातीशी ठेवला, आणि मग गोळ्या घ्यायला फार्मसीच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

उस्मानभाईंनी आणि मी तोवर समोरच्याच सिराजुद्दीनच्या दुकानापुढे गाडी लावली. त्यांनी काच खाली करून हाक मारली, "सिराज, एक बेस साखर." सिराजुद्दीननं मान डोलावली. भाभींनी मॉस्कोहून आल्या आल्या त्याला गाठून या दोन शब्दांचा अर्थ बजावला होता, हे मला ठाऊक होतं. कोरा चहा आला. उस्मानभाईंनी घोट घेतला.

आता जानेवारी असला तरी यान्बूत चोवीस डिग्री होती. गार जिभेची सबब संपली होती. कसम घातलेली असली तरी माझ्याच्यानं राहवेना. मी म्हटलं, "उस्मानभाई, त्या रशियन साखरेबद्दल एक सांगायचंय."

"नका सांगू, टीचरबाय," ते म्हणाले. "ठावूक हाय मना."

मग त्यांनी म्हातारीच्या घरातलं सांगितलं. तिनं चहा दिला आणि एका बशीत साखरेचे खडे पुढे ठेवले. हे नेहमीसारखं बोट वर करून बेस साखर म्हणाले, तर तिनं बशी उचलून परत कपाटात ठेवली. यांनी बशीकडे बोट दाखवलं, ती पुन्हा आणली. पुन्हा बेस म्हणाले, पुन्हा नेली. तिसऱ्या खेपेला त्यांनी तोंड बंद ठेवून एक खडा उचलला आणि जिभेवर ठेवला. तासभर बर्फात उभं राहून गार पडलेली जीभ होती ती, पण खडा लागायचा तसा लागला, लख्ख गोड. थंडी-बिंडी काही नव्हतं. म्हातारीच्या स्वयंपाकघरात बसून त्यांना आधीचे सगळे दिवस उलगडले, पर्समधल्या पुड्यांसकट.

मी विचारलं, "मग तुम्ही भाभींना पकडलं का नाहीत? आणि परत परत बेस साखर का मागत राहिलात?"

उस्मानभाईंनी फार्मसीच्या दाराकडे बघितलं.

"वर आलो तर ती हसत होती," ते म्हणाले. "डोल्यांत पानी येस्तवर. सगला जन्म फोनवर ऐकलं मी तिचं हसनं. कसं दिसतं ते मना ठावूकच नव्हतं."

मी उगीच गाडीचा आरसा पुसत बसले.

भाभी गोळ्यांची पिशवी घेऊन आल्या आणि मागच्या सीटवर बसल्या. त्यांनी आधी नवऱ्याच्या हातातल्या कपाकडे बघितलं, मग आरशातून माझ्याकडे एक इशाऱ्याचा कटाक्ष टाकला, आणि भोळेपणानं विचारलं, "कशी हाय चाय?"

उस्मानभाईंनी तो कडू चहा शेवटच्या थेंबापर्यंत संपवला. आरसा हळूच आपल्याकडे वळवून घेतला, मागची सीट नीट दिसेल असा.

"बेस," ते म्हणाले.

मागे भाभींनी ओढणी तोंडाला लावली.